ज्या घरी जेवलो, त्या घराचे ऋण

भोर शहराजवळचे उत्रोली हे गाव पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. आजच्या हिशेबाने हे अंतर फार नाही. परंतु भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखातून उच्च शिक्षणासाठी पुण्याची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अंतर हा पहिला प्रश्न कधीच नव्हता. निजायचे कोठे आणि जेवायचे कोठे, हे दोन प्रश्न आधीचे. शुल्क, पुस्तके आणि गुणवत्ता त्यानंतरची. महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा विद्यासंस्थांच्या सनावळीतून सांगतो. न्यू इंग्लिश स्कूल १८८०, फर्ग्युसन महाविद्यालय १८८५, अशी ती मांडणी असते. गावाकडून आलेल्या गरीब विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले, तर तोच इतिहास वसतिगृहांचा होतो. मग त्यात एक नैतिक प्रश्नही येतो, ज्याकडे आपल्या शिक्षणचर्चेने फारसे लक्ष दिलेले नाही. ज्या घराने दोन वेळचे अन्न दिले, त्या घराचे ऋण विद्यार्थ्याने पुढे कसे फेडावे?

उत्तर वरवर सोपे आहे. मिळवता झाल्यावर त्या घराला देणगी द्यावी. या उत्तराची सर्वांत सुसंघटित आवृत्ती अमेरिकेत आढळते. १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कॅपा’ हे विद्यार्थिमंडळ निघाले आणि पुढच्या शतकात ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी असंख्य विद्यार्थी-बंधुमंडळे तेथील महाविद्यालयांतून उभी राहिली. त्यांतील अनेकांची स्वतःची निवासगृहे आहेत. बहुतेक ठिकाणी अशा घराची मालकी आणि देखभाल माजी सदस्यांच्या स्वतंत्र मंडळाकडे असते, तर शिष्यवृत्त्या आणि शैक्षणिक उपक्रम यांसाठी वेगळा धर्मादाय न्यास असतो. या विभागणीला करकायद्याचे कारण आहे. शैक्षणिक कार्याला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते. घरातील मौजमजेच्या सोयींना दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही. घर वेगळे आणि विद्या वेगळी, असा हा चोख हिशेब आहे.

या व्यवस्थेने पिढ्यान् पिढ्या घरे टिकवली, पण तिची दुसरी बाजूही विसरता येत नाही. यांपैकी अनेक मंडळांच्या नियमांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वर्ण आणि धर्म पाहून प्रवेश नाकारणारी कलमे होती. कॉर्नेल विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ साली ‘अल्फा फाय अल्फा’ हे स्वतःचे मंडळ काढले, ते या वातावरणात. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण सदस्य ही कलमे काढू पाहत असताना त्यांना अनेकदा अडवले ते माजी सदस्यांनी. त्यांनी ज्या घरावर प्रेम केले होते ते घर त्यांना जसेच्या तसे हवे होते. कृतज्ञता घराला आधार देते आणि त्याच वेळी त्याच्या दारावर पहाराही ठेवते, हे या इतिहासातून दिसते. महाराष्ट्राच्या वसतिगृहांचा इतिहास वाचताना हा मुद्दा ध्यानात ठेवायला हवा. कारण आपल्याकडे ज्या माजी विद्यार्थ्यांनी सर्वांत मोठी परतफेड केली, त्यांनी आपले जुने घर आहे तसे राखले नाही. त्याचे जे दार बंद होते, ते त्यांनी दुसरीकडे उघडले.

वसतिगृहे नव्हती त्या काळी पुण्यासारख्या शहरात गरीब विद्यार्थ्यापुढे माधुकरी किंवा वार असे दोन मार्ग होते. माधुकरीत घरोघर फिरून शिजलेले अन्न मागायचे. वारात आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून घ्यायचे. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी नामवंतांच्या चरित्रांत हे वार येतात, आणि कोणत्या घरी मान मिळाला, कोणत्या घरी अवहेलना झाली, याच्या आठवणीही येतात. या व्यवस्थेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिच्या दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे ती जवळजवळ संपूर्णपणे ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती. मावळातील कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला सदाशिव पेठेत वार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरी मर्यादा अशी, की सात घरी जेवणाऱ्याचे स्वतःचे घर एकही नसे. त्याचे ऋण सात गृहिणींत विखुरलेले राही. ते फेडण्यासाठी संस्था अशी काही उरत नसे. ‘माजी विद्यार्थी’ ही कल्पनाच मुळी एका छपराखाली, एका पंगतीला बसल्यावाचून जन्माला येत नाही.

असे छप्पर पुण्यात ज्यांनी उभे केले, त्यांत १९०९ साली स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह हे महत्त्वाचे नाव. आज ते पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखले जाते, आणि शाळेपासून मुद्रण व अभियांत्रिकीच्या शिक्षणापर्यंत त्याचा विस्तार झाला आहे. निराधार मुलाला वारासाठी दारोदार जावे लागू नये, त्याला घर म्हणून सांगता येईल अशी जागा असावी, हा त्यामागचा विचार. सानेगुरुजींचे उदाहरण याच संदर्भात आठवते. स्वतः विद्यार्थिदशेत औंधला आणि पुण्याला अन्नासाठी हाल सोसलेला हा माणूस पुढे अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाला आणि तेथील छात्रालयाचा सांभाळ करू लागला. मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे धुणारा गृहपती म्हणून त्यांची आठवण सांगितली जाते. त्यांना स्वतःला लाभले नव्हते असे घर त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना दिले. ‘श्यामची आई’तील आश्रमाची सांजवेळ वाचताना आपण आईकडे पाहतो, ती कथा ऐकणाऱ्या मुलांना बसायला एक अंगण आहे, हे सहज निसटून जाते.

स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात हीच साखळी अधिक नाट्यमय आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. त्याचा आर्थिक आधार अमेरिकेत बोस्टन येथे १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचा होता. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी या बालविधवा होत्या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे, झाल्या. त्याच वर्षी धर्मांतराच्या वादातून सदनावर वादळ आले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी आपला संबंध तोडला. ज्या सनातनी कुटुंबांनी मोठ्या धैर्याने आपल्या विधवा मुली तेथे पाठवल्या होत्या, त्यांना ते दार बंद झाले. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० साली आश्रम पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला. कर्व्यांच्या घरात शारदा सदनाची एक माजी विद्यार्थिनी होती, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. विधवेला शिकवता येते, ती स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते, याचा पुरावा त्यांच्या घरातच वावरत होता.

हिंगण्याच्या आश्रमाला पुढे ज्यांनी जगवले त्यांत पार्वतीबाई आठवले यांचे स्थान अगदी वेगळे. बाया कर्व्यांची ही धाकटी बहीणही विधवा. आश्रमात शिकली, तेथेच कार्यकर्ती झाली आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडली. १९१८ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर आणि इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करून त्यांनी भाषा शिकली, आश्रमाची माहिती सांगितली, निधी जमवला आणि १९२० साली परतल्या. ‘माझी कहाणी’ या १९२८ सालच्या आत्मकथनात हा प्रवास आला आहे. रमाबाईंच्या संस्थेला अमेरिकेतील हितचिंतकांनी आपण होऊन मदत केली. पार्वतीबाईंनी तीच अमेरिका भांडी घासत पालथी घातली. आपल्याकडच्या माजी विद्यार्थिनींच्या साहाय्याचा इतिहास लिहायचा झाला, तर तो धनादेशापासून सुरू होत नाही. तो अशा श्रमांपासून सुरू होतो. मात्र येथेही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. हिंगण्याचा आश्रम आरंभी ब्राह्मण विधवांपुरताच होता. एक दार उघडले गेले, पण त्यातून आत येणाऱ्यांची जात ठरलेली होती.

जातीचा हा प्रश्न सर्वांत उघडपणे हाताळला तो कोल्हापूरने. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम महाविद्यालयाला जोडून सर्व जातींसाठी वसतिगृह काढले होते. काही वर्षांतच ते व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचे होऊन बसले. कागदावर सर्वांना खुले असलेले घर प्रत्यक्षात कोणाचे होते, याचा हा धडा होता. तेव्हा महाराजांनी उलट मार्ग धरला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. दरबाराने जागा, इमारती आणि अनुदाने दिली. त्या त्या समाजातील धनिकांनी आणि पुढे शिकून गेलेल्यांनी भर घातली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते या कारणाने. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. पण १८९६ चा अनुभव पाहिला, तर हे पाऊल नाइलाजाचे होते हे मान्य करावे लागते. अडचण पुढच्या पिढीसाठी निर्माण झाली. आपल्या जातीच्या बोर्डिंगात वाढलेला विद्यार्थी कृतज्ञतेने आपल्याच जातीच्या बोर्डिंगाला देणगी देणार. आणि तात्पुरती म्हणून घातलेली कुंपणे त्या कृतज्ञतेच्या बळावर कायमची होणार.

असे सर्वत्र झाले नाही, याचे श्रेय जैन बोर्डिंगातून बाहेर काढल्या गेलेल्या एका विद्यार्थ्याला आहे. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. अण्णासाहेब लठ्ठे तेथे व्यवस्था पाहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. अस्पृश्यांत मिसळून आल्यामुळे त्यांनी स्नान करून मगच पंगतीला बसावे, असा आग्रह झाला. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यानंतर महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयाला घेतले. माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत अशा मुलाचे नाव कोणत्या रकान्यात लिहिणार? शिस्तभंगाच्या रकान्यातच लिहिले जाईल. तरीही कोल्हापूरच्या वसतिगृह-चळवळीचे ऋण ज्याने अंतःकरणपूर्वक फेडले, असा विद्यार्थी शोधू गेल्यास पहिले नाव त्याचेच येते.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले, त्याचे नामकरण १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे झाले. नाव शाहूंचे, रचना मात्र कोल्हापूरच्या उलट. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान सर्व मुले एकाच पंगतीला बसणार, एकत्र राहणार, आळीपाळीने सर्व कामे करणार. महाराजांनी प्रत्येक जातीला घर दिले. त्यांच्या शिष्याने सर्व जातींचे एक घर केले. गुरूला वंदन करून त्याच्या योजनेतली भिंत काढून टाकणे ही परतफेडीची अपूर्व रीत आहे. या घराची किंमत मोजली ती मुख्यतः लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या बाईने सर्व जातींच्या मुलांना रांधून वाढले आणि धान्य संपले तेव्हा दागिने मोडले. त्यांच्या अंगावरचे मंगळसूत्रही त्यात गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. एवढ्या मुलांना आई म्हणून लाभलेल्या या स्त्रीचे श्राद्ध कोणत्या मुलाने घालावे, असा प्रश्न धर्मशास्त्रात नसेल. शाहू बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्यांना तो पडला असेल, असे वाटत राहते.

त्यांनी दिलेले उत्तर संस्थेच्या इतिहासात दिसते. रयतचे पुढचे अनेक आजीव सेवक, मुख्याध्यापक आणि प्राचार्य याच बोर्डिंगांतून आले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांतले ठळक उदाहरण. शाहू बोर्डिंगचा हा विद्यार्थी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला, परंतु वकिलीची सनद बाजूला ठेवून साताऱ्याला परतला आणि रयतच्या शिक्षणकार्यात राहिला. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. साहित्याच्या अभ्यासकांना त्यांची ओळख महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’चे इंग्रजी भाषांतरकार म्हणून असते. १९९१ साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्या भाषांतराचे मूळ साताऱ्याच्या पंगतीत आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. भाऊरावांचे विस्तृत इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले.

घराचे महत्त्व सर्वांत तीव्रतेने कोणाला कळते? ज्याला घर नाकारले गेले त्याला. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत आणि नंतर लंडनला शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर कराराप्रमाणे नोकरी करून ऋण फेडण्यासाठी १९१७ साली बडोद्याला गेले. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले, तेथूनही जमावाने काठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढले. ऋण फेडायची इच्छा होती, करार होता, पात्रता होती. नव्हते ते छप्पर. जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. या क्रमाकडे आपण जितके पाहायला हवे तितके पाहत नाही. पुढच्या अर्धशतकात ‘बोर्डिंग’ हा शब्द दलित आत्मकथनांत पुन्हा पुन्हा येतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) संगमनेरचे बोर्डिंग आहे. ही आत्मकथने भुकेचे आणि अपमानाचे साहित्य म्हणून शिकवली जातात, ते योग्यच आहे. परंतु ती वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेले साहित्यही आहेत. बोर्डिंगाने जे दिले आणि जे दिले नाही, या दोन्हींची नोंद त्यांत आहे. देणगीच्या पावतीत अशी नोंद मावत नाही.

येथे एक आक्षेप घेता येईल. प्रत्येक माजी विद्यार्थी भाऊराव होणार नाही. बहुतेकांनी वर्षाकाठी काही रक्कम दिली, एखाद्या मुलाचा खर्च उचलला, तरी पुरेसे नाही काय? हा आक्षेप रास्त आहे. वसतिगृहाचे पोट रोजचे असते. ते विचारांनी भरत नाही. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली स्थापन केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती हे त्याचे चांगले उदाहरण. ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना समितीची वसतिगृहे अल्प खर्चात निवास आणि भोजन देतात, ‘कमवा आणि शिका’चा मार्ग दाखवतात, आणि येथून बाहेर पडलेल्यांची नुसती देणगी येत नाही, कामातही त्यांचा हात असतो. भोर-वेल्ह्यासारख्या तालुक्यांतील मुलासाठी अशा संस्थेतील एक खाट म्हणजे शिक्षण सुरू राहणे आणि सुटणे यांतील फरक असतो. त्या खाटेचा खर्च निमूटपणे देणाऱ्या माजी विद्यार्थ्याला कोणी लहान लेखू नये. मुद्दा एवढाच, की देताना त्याने आपल्या जुन्या घराला एक प्रश्नही विचारावा: आमच्या वेळी येथे कोण नव्हते, आणि ते आज तरी आहेत का?

आज हा प्रश्न विचारणे अधिकच निकडीचे झाले आहे, कारण घराची कल्पनाच विरळ होत चालली आहे. शासकीय वसतिगृहांत जागा अपुऱ्या पडतात, म्हणून २०१६-१७ पासून ‘स्वाधार’सारख्या योजनेत पात्र विद्यार्थ्याच्या खात्यावर निवास-भोजनाची रक्कम जमा करण्याची सोय झाली. गरजूला ती आवश्यकच आहे. पण खात्यातल्या रकमेला पंगत नसते. कोणी कोणाशेजारी बसून जेवायचे, हा शाहूंना आणि भाऊरावांना छळणारा प्रश्न त्या व्यवहारात उद्भवतच नाही. म्हणून तो सुटतही नाही. त्या विद्यार्थ्याचे ऋण पुन्हा वारावर जेवणाऱ्यासारखे विखुरते. दुसरीकडे, २०१७ नंतर महाविद्यालयांच्या नॅक मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान मिळाले आणि गावोगावी माजी विद्यार्थी संघांची घाईघाईने नोंदणी झाली. मेळावे, छायाचित्रे, जमा निधीचे तक्ते तयार झाले. आपल्यापैकी अनेक प्राध्यापकांनी ते तक्ते स्वतःच्या हातांनी भरले आहेत. त्या तक्त्यात पार्वतीबाईंचे मोलकरणीचे दिवस कोणत्या रकान्यात बसले असते?

साहित्याच्या वर्गात एक काम सहज करता येण्याजोगे आहे. आपल्या परिसरातील जुन्या बोर्डिंगांच्या नोंदवह्या, वार्षिक अहवाल आणि वर्गणीच्या याद्या अजून कपाटांत पडून आहेत. त्या वाळवीच्या आधी विद्यार्थ्यांच्या हाती पडायला हव्यात. भोरसारख्या जुन्या संस्थानी गावापासूनही त्याचा आरंभ होऊ शकतो. कोण राहिले, कोणी पैसे दिले, कोणाला परत पाठवले, ही तीन नावे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर शिक्षणाचा एक वेगळा इतिहास हाती येईल. त्यातले तिसरे नाव शोधायला सर्वांत अवघड असते. ते शोधणे हे माजी विद्यार्थ्याचेच काम आहे. कारण दार आतून कसे दिसत होते, हे त्यालाच ठाऊक असते.